दोन तापांमधील दिवस
मुलांच्या पाळीच्या तापाविषयी डॉक्टरांशी व पालकांशी थोडे हितगुज

'पाळीचा ताप' हा शब्दप्रयोग आपल्या घराघरांत जुना आहे. पांढुर्णा-सौसर पट्ट्यातील वडीलधारी मंडळी दिवसाआड येणाऱ्या तापाला एकांतरा म्हणतात. हिंदीच्या शेजारामुळे तिजारी आणि चौथिया हे शब्दही त्यांच्या बोलण्यात सहज येतात. चरकसंहितेत विषमज्वराचे संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक व चतुर्थक असे पाच प्रकार सांगितले आहेत, तेही तापाच्या वेळापत्रकावरूनच. या वेळापत्रकामागचे कारण इटलीचे कामिल्लो गॉल्जी यांनी १८८० च्या दशकात उलगडले. हिवतापाच्या परोपजीवींची पिढी रक्तपेशी फोडून ज्या वेळी बाहेर पडते, त्याच वेळी रुग्णाला थंडी वाजून ताप भरतो, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात तो परोपजीवी सापडला, आणि पाळीच्या तापाचे कोडे सुटले असे जगाला वाटले.

ते बव्हंशी सुटलेही. परंतु या यशाबरोबर एक जुनी सवय आपल्या हातून निसटली. पूर्वीचा वैद्य ताप कधी येतो, कधी उतरतो आणि पुन्हा किती दिवसांनी येतो, हे आधी विचारीत असे. आज आपण 'किती ताप आहे?' असे विचारतो, तपासणीची चिठ्ठी लिहितो, आणि 'याआधी असाच ताप कधी आला होता?' हा प्रश्न बहुधा राहून जातो. प्रस्तुत लेख ज्या मुलांविषयी आहे, त्यांचे निदान नेमके या राहून गेलेल्या प्रश्नात दडलेले असते. यांचा ताप दिवसांच्या नव्हे, आठवड्यांच्या पाळीने येतो.

तोच ताप, नवे नाव

असे मूल आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. वय तीन-चार वर्षे. सकाळी अंगणवाडीत खेळत होते, सायंकाळी १०३ ते १०४ अंश फॅरनहाइट ताप. घसा लाल, मानेच्या दोन्ही बाजूंना दुखऱ्या गाठी, ओठांच्या आतून एकदोन पांढरट छाले. सर्दी नाही, खोकला नाही, घरात दुसरे कोणी आजारी नाही. तीन-चार दिवस ताप हटत नाही. मग तो जसा आला तसाच अचानक उतरतो आणि मूल दुसऱ्या दिवशी अंगणात धावू लागते. साधारण महिन्याने पुन्हा तोच ताप, तोच घसा, त्याच गाठी.

पहिल्या वेळी या तापाला टॉन्सिल म्हटले जाते, दुसऱ्या वेळी व्हायरल. तिसऱ्या वेळी विडाल चाचणी होते आणि टायफॉइड ठरतो. ही चाचणी फर्नांड विडाल यांनी १८९६ मध्ये प्रचारात आणली. ज्या प्रदेशात टायफॉइडचे जंतू सदोदित वावरतात, तिथे कित्येक निरोगी माणसांच्या रक्तातही तिला प्रतिसाद देणारी प्रतिद्रव्ये असतात. त्यामुळे एका चाचणीवर टायफॉइड ठरवू नये, पहिल्या आठवड्यात रक्ताचे कल्चर करावे, हे आपण सारे शिकलो आहोत. तरीही एका वर्षात चार वेळा 'टायफॉइड' झालेली मुले आपल्याकडे येतात. पाचव्या-सहाव्या तापाला मानेतील गाठींवर लक्ष जाते, छातीच्या क्ष-किरण चित्रातील एखादी रेघ बोट ठेवून दाखविली जाते, 'प्रायमरी कॉम्प्लेक्स' हा शब्द उच्चारला जातो आणि सहा महिन्यांची क्षयाची औषधे सुरू होतात.

यात कोणा एकाला दोष देण्याचा हेतू नाही. पालक सौसरला एका डॉक्टरांना दाखवितात, पुढच्या खेपेला पांढुर्ण्याला, त्यापुढच्या खेपेला नागपूरला. प्रत्येक डॉक्टर त्या मुलाचा पहिला ताप पाहत असतो. आई मात्र दहावा पाहत असते. आणि दुसरी गोष्ट अशी, की हा ताप चौथ्या-पाचव्या दिवशी आपोआप उतरतो. तिसऱ्या दिवशी बदललेले प्रतिजैविक, किंवा टोचलेले इंजेक्शन, त्याचे श्रेय घेऊन जाते. 'त्या औषधानेच उतरला' ही नोंद पालकांच्या मनात आणि आपल्या कागदावर पक्की होते, व पुढच्या महिन्यात तेच औषध पहिल्या दिवसापासून सुरू होते.

नाव कसे मिळाले

१९८७ मध्ये अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठातील गॅरी मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बारा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. ठरावीक अंतराने येणारा ताप, तोंडातील छाले, घशाचा दाह आणि मानेतील गाठींचा दाह ही चार लक्षणे एकत्र पाहून पुढे त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या विकाराला 'पीएफएपीए' हे नाव रूढ झाले. जगात मुलांच्या पाळीच्या तापांमध्ये हाच प्रकार सर्वांत अधिक आढळतो. तो बहुधा पाचव्या वर्षाच्या आत सुरू होतो. ताप तीन ते सहा दिवस राहतो आणि तीन ते आठ आठवड्यांनी परततो. चारही लक्षणे प्रत्येक वेळी दिसतीलच असे नाही. छाले तर पुष्कळदा आईनेच पाहिलेले असतात, कारण ते लहान असतात व लवकर बरे होतात. पुष्कळ आयांना आदल्या दिवशीच चाहूल लागते. मूल चिडचिडे होते, डोळे जड दिसतात, जेवणावरची वासना उडते.

या निदानाचा कणा मात्र तापाच्या दिवसांत नसून दोन तापांमधील दिवसांत आहे. त्या दिवसांत मूल पूर्णतः निरोगी असते. खाते, खेळते, शाळेत जाते. त्याची उंची आणि वजन वयानुसार वाढत राहते. तापात रक्तातील पांढऱ्या पेशी, ईएसआर व सीआरपी वाढलेले असतात. दोन आठवड्यांनी तपासले तर सारे पूर्ववत झालेले दिसते. रेंगाळणारा जंतुसंसर्ग, क्षय, कर्करोग किंवा प्रतिकारशक्तीची गंभीर उणीव असलेले मूल या मधल्या दिवसांत असे खुलून येत नाही. म्हणून तापलेल्या मुलाला एकदा तपासावे, आणि ताप उतरल्यावर पंधरा दिवसांनी, ते बरे असताना, मुद्दाम पुन्हा बोलावून तपासावे. 'बरा आहे, मग डॉक्टरकडे कशाला न्यायचा?' असे पालकांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या भेटीतून जे कळते ते चार तापांच्या भेटींतून कळत नाही.

राखणदाराची हाळी

शरीरात नेमके काय घडते, हे समजून घेण्यासाठी आपल्या भागातील संत्र्याच्या बागेचा दाखला पुरेसा आहे. बागेत चोर शिरला की राखणदार हाळी देतो, गडी धावून येतात, कंदील पेटतात. शरीरातील जन्मजात प्रतिकारव्यवस्था हा असा राखणदार होय. जंतू दिसताच ती इंटरल्यूकिन-१ सारखी रसायने सोडते आणि ताप, सूज, वेदना ही धावपळ सुरू होते. पाळीच्या तापाच्या विकारांत चोर नसतानाच हाळी दिली जाते. म्हणूनच घशातील कल्चरमध्ये काही सापडत नाही आणि प्रतिजैविकाचा उपयोग होत नाही.

१९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील डॅनियल कास्टनर व मायकेल मॅकडरमॉट प्रभृतींनी अशा विकारांच्या गटासाठी नवी संज्ञा योजिली. आपण तिला 'स्वयंदाही विकार' म्हणू. संधिवाताच्या काही प्रकारांप्रमाणे येथे शरीर स्वतःविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करीत नाही; पहिल्या फळीचा राखणदारच अवेळी जागा होतो. पीएफएपीएमध्ये एकच असे कारणीभूत जनुक सापडलेले नाही. काही विकार मात्र थेट जनुकातील दोषामुळे होतात. ते विरळ असले तरी डॉक्टरांना त्यांची ओळख असावी, म्हणून थोडक्यात सांगतो.

१. कौटुंबिक भूमध्य ज्वर : ताप एक ते तीन दिवसांचा, सोबत पोटात, छातीत किंवा सांध्यात तीव्र वेदना. ज्यू, तुर्क, अरब व आर्मेनियन समाजांत अधिक. याचे जनुक १९९७ मध्ये सापडले. उपचाराविना वर्षानुवर्षे राहिल्यास मूत्रपिंडात अमायलॉइड साठून ती निकामी होऊ शकतात.

२. मेव्हॅलोनेट कायनेज या विकराची उणीव : सुरुवात बहुधा पहिल्या वर्षातच, ताप तीन ते सात दिवस, सोबत उलट्या, जुलाब, गाठी, पुरळ. लसीकरणानंतर ताप उसळतो. १९८४ मध्ये नेदरलँड्समध्ये याचे प्रथम वर्णन झाले.

३. ट्रॅप्स : ताप आठवड्याहून अधिक, कधी कित्येक आठवडे; जागा बदलत जाणारी स्नायुदुखी, त्यावर लालसर चट्टा, डोळ्यांभोवती सूज.

४. कॅप्स : गारठ्याने अंगावर उठणाऱ्या गांध्या, लाल डोळे, पुढे बहिरेपणाचा धोका.

जनुक-तपासणी आता नमुना पाठवून करता येते. परंतु तिचा अहवाल वाचताना जपून वाचावा. भूमध्य ज्वराच्या जनुकातील 'ई-१४८-क्यू' हा बदल भारतातील पुष्कळ निरोगी व्यक्तींतही आढळतो. तेवढ्यावरून मुलावर आयुष्यभराच्या आजाराचा शिक्का मारणे योग्य नव्हे. अहवाल मुलाच्या लक्षणांशी जुळला तरच त्याला अर्थ आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांतही लक्षणे आणि जनुक यांची सांगड अशीच घातलेली आहे.

आपल्या मातीत आधी काय पाहावे

पाश्चात्त्य ग्रंथ वाचून लगेच विरळ विकाराकडे धावणे हेही तितकेच घातक. सौसर, मोहगाव, पांढुर्णा या भागात पुन्हापुन्हा ताप येणाऱ्या मुलासमोर बसल्यावर काही गोष्टी क्रमाने मनातून काढून टाकाव्या लागतात.

हिवतापासाठी ताप असताना रक्ताचा थेंब काचपट्टीवर पाहावा. कारण न सापडणाऱ्या प्रत्येक तापात लघवीची तपासणी व कल्चर करावे. लहान मुलींतील वारंवारच्या मूत्रसंसर्गाकडे दुर्लक्ष झाले तर त्याची किंमत मूत्रपिंडे मोजतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात स्क्रब टायफस विसरू नये. २०१८ मध्ये नागपूर परिसरात त्याने बरेच रुग्ण आजारी पाडले होते. काखेत, जांघेत, कानामागे लहानसा काळा खपला शोधावा, कारण तो शोधल्याखेरीज दिसत नाही.

सिकलसेलचा विचार तर आपल्याकडे अग्रक्रमाने व्हावा. १९५८ मध्ये शुक्ला व सोळंकी यांनी नागपूरहून 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातील सिकल पेशींची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हापासून हा प्रश्न आपल्या दारातला आहे. ताप, पोटदुखी आणि हातपायांची दुखणी पुन्हापुन्हा होणाऱ्या मुलात भूमध्य समुद्राकडे पाहण्याआधी सोल्युबिलिटी व एचपीएलसी या तपासण्या कराव्यात. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला आहे. आणि हे पक्के लक्षात असावे, की सिकलसेलच्या मुलाचा ताप ही तातडीची बाब असते. तिथे पाळी मोजत बसू नये.

पीएफएपीएशी सर्वांत अधिक साम्य असणारा विकार म्हणजे चक्रीय न्यूट्रोफिल-न्यूनता. त्यातही ताप व छाले येतात, तेही बहुधा एकवीस दिवसांच्या नेमाने. फरक एका साध्या सीबीसीत उमटतो. पीएफएपीएच्या तापात न्यूट्रोफिल पेशी वाढलेल्या असतात, तर चक्रीय विकारात ताप व छाल्यांच्या सुमारास त्या अतिशय घटलेल्या असतात. शंका असल्यास आठवड्यातून दोन-तीनदा, असे सहा आठवडे सीबीसी करावे. हिरड्या सुजणे, त्वचेचे खोल संसर्ग होणे ही त्याची अन्य खूण. या मुलांना प्राणघातक जंतुसंसर्ग होऊ शकतो, म्हणून 'पाळीचा ताप आहे, काळजी नको' असे सांगण्यापूर्वी ही तपासणी झालेली असलीच पाहिजे.

शेवटी, जी लक्षणे दिसताच मुलाला वरच्या केंद्रात पाठवावे ती अशी : वजन न वाढणे वा घटणे, फिकेपणा, हाडे दुखणे, अंगावर रक्ताचे ठिपके, यकृत-प्लीहा वाढणे, सांधा सुजून राहणे, पहिल्या वाढदिवसाआधी झालेली सुरुवात, घरातील दुसऱ्या कोणाला तसाच ताप, लघवीत प्रथिन. प्रतिकारशक्तीच्या जन्मजात विकारांसाठी मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहे, आणि नागपूर तर आपल्या हाकेच्या अंतरावर आहे.

भिंतीवरील कॅलेंडर

तापाचा आलेख रुग्णाच्या खाटेपाशी आला तो जर्मनीचे कार्ल वुंडरलिख यांच्यामुळे. हजारो रुग्णांचे तापमान नोंदवून त्यांनी १८६८ मध्ये आपला ग्रंथ सिद्ध केला. आपल्याला त्यासाठी वेगळ्या साधनाची गरज नाही. १९७३ मध्ये सुरू झालेले 'कालनिर्णय' किंवा तशीच एखादी दिनदर्शिका आपल्या मराठी घरांत भिंतीवर असतेच. दुधाचा खाडा, गॅसची टाकी लावल्याची तारीख, बागेतील फवारणी हे सारे तिच्यावर लिहिले जाते. तिथेच तापही लिहावा.

मोहगावकडील एका बागायतदार कुटुंबातील चार वर्षांच्या मुलीच्या आजीने मला सांगितले होते, "डॉक्टरसायेब, पोळ्याले ताप होता, सर्वपित्रीले होता, लक्ष्मीपूजनालेही होता. इले अमावस लागते." आजीची स्मृती अचूक होती. हे तिन्ही दिवस अमावास्येचेच. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा असल्यामुळे चार आठवड्यांच्या पाळीचा ताप दोन-तीन महिने अमावास्येच्या आसपास पडतो, आणि घरात भीतीचे सावट येते. मुलीला जामसावळीच्या मारुतीला नेऊन आणले होते. श्रद्धेला माझा आक्षेप नव्हता. मी केवळ एवढेच म्हटले, की पुढचे चार ताप कॅलेंडरवर लिहून आणा. पुढील दोन ताप अमावास्येच्या पाच आणि नऊ दिवस आधी आले. मुलीला अमावास्या लागत नाही, हे त्या आजीने स्वतः कॅलेंडर माझ्यापुढे धरून मला सांगितले. त्या पानांवर आणखी काही होते. तापांच्या मधल्या प्रत्येक दिवशी मुलगी शाळेत गेली होती, आणि वर्षभरात तिचे वजन दोन किलोने वाढले होते. तोवर तिची क्षयाची औषधे सुरू करण्याचे घाटत होते. ती सुरू झाली नाहीत.

पालकांनी काय लिहावे? ताप चढल्याची तारीख व वेळ. थर्मामीटरने मोजलेला आकडा, कारण हात लावून पाहिलेला ताप हिशेबात धरता येत नाही. घसा, छाले, गाठी, पोटदुखी, पुरळ यांपैकी काय होते. घरात अन्य कोणी आजारी होते का. कोणते औषध दिले. ताप पूर्ण उतरल्याचा दिवस. आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वजन. छाले किंवा पुरळ दिसल्यास मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. सहा महिन्यांची ही नोंद पुष्कळदा एका जाड फाइलीहून अधिक बोलकी ठरते.

नोंदीमुळे उलट बाजूही स्पष्ट होते. शाळेत नव्याने जाऊ लागलेल्या निरोगी मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा विषाणूंचा ताप येणे हे सर्वसाधारण आहे. त्या तापांना नेम नसतो, सोबत सर्दी-खोकला असतो आणि बहुधा भावंडांनाही तो होतो. कॅलेंडरवर हे विखुरलेले ठिपके दिसले की पालकांची चिंता तिथेच अर्धी होते.

उपचार : किती आणि कोणता

पीएफएपीएचा पहिला उपचार म्हणजे खात्रीचा शब्द. हा विकार मुलाची वाढ खुंटवीत नाही, कोणताही अवयव निकामी करीत नाही, संसर्गाने पसरत नाही, आणि बहुसंख्य मुलांत काही वर्षांनी, पौगंडावस्थेच्या आत, आपोआप मावळतो. कित्येक कुटुंबांना एवढे पुरते. तापात पॅरासिटामॉल वजनानुसार, म्हणजे एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत द्यावे. पाणी व पातळ आहार द्यावा. डेंग्यूच्या दिवसांत आयबुप्रोफेन व तत्सम वेदनाशामके टाळावीत.

तापाच्या आरंभी प्रेडनिसोलोनची किलोमागे एक ते दोन मिलिग्रॅम अशी एकच मात्रा दिल्यास पुष्कळ मुलांचा ताप काही तासांत, बहुधा दिवसाच्या आत उतरतो. हा परिणाम इतका नाट्यमय असतो की त्याचा मोह पडतो. म्हणूनच तीन इशारे देणे आवश्यक वाटते. एक, काही मुलांत या मात्रेमुळे दोन तापांतील अंतर कमी होते आणि ताप वारंवार येऊ लागतो. दोन, स्टिरॉइडने ताप उतरणे हा निदानाचा पुरावा नव्हे. खेडोपाडी 'डेक्सा'चे इंजेक्शन टोचले की अनेक तऱ्हांचे ताप काही काळ उतरतात, आणि खरा जंतुसंसर्ग आत वाढत राहतो. तीन, रक्ताच्या कर्करोगात स्टिरॉइडची एखादी मात्राही चित्र झाकून टाकू शकते. म्हणून रक्ताची पट्टी जाणकाराने पाहिल्याशिवाय ती देऊ नये. पालकांनी तर ही गोळी घरात ठेवून आपल्या मनाने कदापि देऊ नये.

वारंवार येणाऱ्या तापाने शाळा व घर दोन्ही विस्कळीत झाले असतील, तर टॉन्सिल काढण्याचा विचार करता येतो. फिनलंडमधील २००७ च्या आणि इटलीतील २००९ च्या चाचण्यांत शस्त्रक्रियेनंतर अनेक मुलांचे ताप थांबल्याचे आढळले. मात्र जो विकार स्वतःहून जाणार आहे त्यासाठी शस्त्रक्रिया करावी का, हे प्रत्येक कुटुंबाशी बोलूनच ठरवावे.

कॉल्चिसिन हे भूमध्य ज्वराचे प्रमुख औषध. १९७२ मध्ये अमेरिकेतील स्टीफन गोल्डफिंगर यांनी त्याचा उपयोग नोंदविला, आणि मूत्रपिंडे वाचविणारे औषध म्हणून ते आज जगभर मान्य आहे. पीएफएपीएतही ते काही मुलांत तापांची संख्या घटविते. येथे एक स्थानिक सावधगिरी सांगितली पाहिजे. पावसाळ्यात आपल्या रानात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी हिच्यातही हेच द्रव्य असते, आणि तिचा कंद खाल्ल्याने मृत्यू ओढवतो. 'औषध रानातच आहे' अशा समजुतीने कोणी तिच्या वाटेला जाऊ नये. जनुकीय विकारांत इंटरल्यूकिन-१ ला अडविणारी अॅनाकिन्रा, कॅनाकिनुमॅब ही औषधे प्रभावी आहेत. पण ती महाग असून तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यावयाची असतात.

लसीकरण थांबवू नये, हेही आवर्जून सांगतो. 'सारखा ताप येतो म्हणून लस दिली नाही' असे पालक सांगतात, आणि त्या मुलावर दुसरे संकट ओढवते.

न दिलेल्या औषधाचे मोल

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परासिया परिसरात जे घडले ते आपण कोणीही विसरू शकणार नाही. सर्दी-तापासाठी दिलेल्या खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले आणि वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतील कित्येकांवर अखेरचे उपचार नागपूरला झाले. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तोपर्यंत आपण त्याच छिंदवाडा जिल्ह्याचा भाग होतो. ती लेकरे आपलीच होती. क्लोरफेनिरामिन व फिनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरातच बजावले होते.

ती दुर्घटना भेसळीची होती, आणि तिचा पाळीच्या तापाशी थेट संबंध नाही. परंतु तिच्यातून एक हिशेब मांडता येतो. वर्षातून बारा वेळा ताप येणाऱ्या मुलाला प्रत्येक वेळी चार बाटल्या लिहिल्या, तर वर्षाला अठ्ठेचाळीस बाटल्या त्याच्या पोटात जातात. त्यांपैकी पॅरासिटामॉल वगळता बहुतेकांची गरज नसते. अनावश्यक प्रतिजैविकांनी जंतू निर्ढावतात, सलाइनसाठी शिरा शोधून लहान हात सुजतात, आणि बागेच्या बहाराचे पैसे सावकाराआधी औषधाच्या दुकानात जमा होतात. योग्य निदानाने या मुलाला एखादे नवे औषध मिळतेच असे नाही. त्याची कित्येक औषधे मात्र बंद होतात. आपल्या व्यवसायात याची पावती फाटत नाही, फीही मिळत नाही, तरी मुलाच्या दृष्टीने हाच मोठा उपचार आहे.

दोन विनंत्या

या स्मरणिकेच्या निमित्ताने माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना एक विनंती करतो. आपल्या कागदावर 'तापाचा कितवा दिवस' लिहितो त्याखाली 'मागील ताप कधी' अशी आणखी एक ओळ असू द्यावी. मुलाचे वजन प्रत्येक भेटीत लिहावे. तिसऱ्या वेळी तेच मूल त्याच तापाने आले, तर नवे नाव देण्याआधी जुन्या चिठ्ठ्या तारखेनुसार टेबलावर मांडाव्यात. आणि मुलाला पुढे पाठविताना आपल्या शंकेसह दोन ओळींची चिठ्ठी द्यावी, म्हणजे नागपूरचा डॉक्टर पुन्हा पहिल्या तापापासून सुरुवात करणार नाही.

पालकांना विनंती एवढीच, की डॉक्टर बदलावे लागले तरी फाइल बदलू नये. ताप आला की घाबरून एका दिवसात तीन दवाखाने करण्याऐवजी मुलाकडे पाहावे. ते पाणी पिते का, लघवी होते का, ताप थोडा उतरला की हसते का? श्वास जोरात चालणे, झटके, मूल निपचित पडणे, मान ताठ होणे, सहा-आठ तास लघवी न होणे, अंगावर रक्ताचे ठिपके यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे, मग तो ताप पाळीचा असो वा नसो. तीन महिन्यांच्या आतील बाळाचा प्रत्येक ताप तातडीचाच समजावा.

आणि ताप उतरल्यानंतर, मूल अंगणात धावू लागल्यावर, पंधरा दिवसांनी त्याला एकदा दवाखान्यात घेऊन यावे. कॅलेंडर सोबत आणण्यास विसरू नये.